सरकारचा छापखाना आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे बहुधा शिस्त, अभ्यास किंवा चारित्र्य यांवर बोलावयाचे असा रिवाज आहे. आज मी थोडा कोरडा वाटेल असा विषय घेतला आहे. तो म्हणजे सरकारचे प्रकाशन खाते आणि तेथून निघणारे राजपत्र, म्हणजेच गॅझेट. विषय कोरडा असला तरी तो आपल्या प्रत्येकाच्या घरात शिरलेला आहे, एवढे मी आपणास दाखवून देणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी दाखल्याच्या नकलेवर गॅझेटेड ऑफिसरची सही आणण्यासाठी धावपळ केली असेल. अलीकडे अनेक ठिकाणी स्वतःची सही चालते, म्हणून ती धावपळ कमी झाली आहे. परंतु त्या साहेबांना गॅझेटेड का म्हणतात, हे मी वर्गात विचारतो तेव्हा उत्तर क्वचितच येते. उत्तर साधे आहे. ज्यांच्या नेमणुकीची सूचना सरकारी गॅझेटमध्ये छापली जाते, ते गॅझेटेड, मराठीत राजपत्रित. म्हणजे सरकारच्या नोकरालासुद्धा हा मान छापील कागदामुळेच मिळतो.

सरकारचा हुकूम लोकांना कळवावा ही गोष्ट इंग्रजांनी शोधून काढली असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे दवंडी होती, मुनादी होती. मोगल दरबारात वाकियानवीस असत. दरबारात काय घडले, कोणता हुकूम झाला, याची ते रोजच्या रोज नोंद करीत. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'मध्ये त्या कचेरीचे वर्णन आहे. परंतु ती नोंद राहत असे दरबारापुरती. दवंडी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचे आणि विरून जाई. आठ दिवसांनी कोणी विचारले की हुकूम नेमका काय होता, तर दहा जण दहा तऱ्हांनी सांगत. छापखाना आल्यावर हा फरक पडला की हुकुमाचा शब्द एकच राहिला आणि तो कोणालाही पुन्हा उघडून पाहता येऊ लागला.

इंग्लंडमध्ये १६६५ साली लंडनला प्लेगची मोठी साथ होती, म्हणून राजाचा दरबार ऑक्सफर्डला गेला होता. तेथे 'ऑक्सफर्ड गॅझेट' निघाले. दरबार परत आल्यावर १६६६ पासून त्याचे 'लंडन गॅझेट' झाले आणि ते आजही निघते. पुढे १७८६ साली तेथे सरकारी स्टेशनरी ऑफिस सुरू झाले. त्याचे मूळ काम सरकारी कचेऱ्यांना कागद, शाई, लेखण्या वाजवी दरात पुरविणे हे होते. हळूहळू कायदे, अहवाल आणि पार्लमेंटच्या चर्चा छापण्याचे काम त्याच्याकडे आले. आपल्या राज्यातील खात्याच्या नावात मुद्रणाबरोबर 'लेखनसामग्री' हा शब्द आहे, तो याच वळणाचा आहे.

हिंदुस्थानात १७८४ साली 'कलकत्ता गॅझेट' सुरू झाले. ते सुरू करणारे गृहस्थ फ्रान्सिस ग्लॅडविन. हेच ग्लॅडविन 'ऐन-ए-अकबरी'चे इंग्रजी भाषांतरकार होत. अकबराच्या वाकियानवीसांची माहिती वाचलेल्या माणसाने कंपनी सरकारच्या आश्रयाने गॅझेट काढावे, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

आता आजची व्यवस्था पाहू. दिल्लीत सारख्या नावाची दोन खाती आहेत व त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले आहे डिपार्टमेंट ऑफ पब्लिकेशन. हे १९२४ साली स्थापन झाले. भारताचे राजपत्र, केंद्राचे कायदे व अधिसूचना हे त्याचे क्षेत्र. दुसरे आहे पब्लिकेशन्स डिव्हिजन, ज्याला आपण प्रकाशन विभाग म्हणतो. हे १९४१ साली सुरू झाले, ते माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली आहे आणि पुस्तके व मासिके काढते. महाराष्ट्रात राजपत्राचे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय पाहते. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, वाई अशा ठिकाणीही सरकारी मुद्रणालये आहेत.

मित्रहो, या खात्यांचे खरे महत्त्व काय, हे दोन खटल्यांवरून फार चांगले कळते. दोन्ही खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते.

पहिला खटला 'हरला विरुद्ध राजस्थान राज्य', निकाल १९५१ चा. जयपूर संस्थानचे महाराज अल्पवयीन असताना तेथे मंत्र्यांचे एक मंडळ कारभार पाहत होते. त्या मंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये ठराव करून अफूसंबंधी एक कायदा केला. ठराव झाला, कागद दप्तरात गेला. तो गॅझेटमध्ये छापला नाही, त्याची दवंडी पिटली नाही, कोणत्याही तऱ्हेने लोकांना कळविला नाही. पुढे त्याच कायद्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला. दंड पन्नास रुपयांचा, पण प्रश्न फार मोठा होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालात सांगितले की, बंद दाराआड केलेला आणि लोकांना कोणत्याही वाजवी मार्गाने न कळविलेला ठराव हा कायदाच होऊ शकत नाही. ज्याला कायदा माहीत होण्याची सोयच नव्हती त्याला त्या कायद्याने शिक्षा देणे हे न्यायाच्या मूळ कल्पनेविरुद्ध आहे. दंड रद्द झाला.

दुसरा खटला 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध एम. एच. जॉर्ज', निकाल १९६४ चा. हा तर आपल्या मुंबईतला. एक जर्मन प्रवासी झुरिचहून विमानाने मनिलाला निघाला होता. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्याचे विमान सांताक्रूझला उतरले. त्याच्या अंगातील खास शिवलेल्या जाकिटात सुमारे चौतीस किलो सोने सापडले. हे सोने हिंदुस्थानात उतरवावयाचे नव्हते, पुढे जावयाचे होते, आणि पूर्वीच्या नियमाप्रमाणे त्यास मुभा होती. परंतु रिझर्व्ह बँकेने नवीन अधिसूचना काढली होती, की असे सोने विमानाच्या मालयादीत नोंदविलेले असले पाहिजे. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांपूर्वी. झुरिचला बसलेल्या माणसाने दिल्लीचे राजपत्र चार दिवसांत कसे वाचावे? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले, पण बहुमताने निकाल त्याच्या विरुद्ध गेला. अधिसूचना राजपत्रात रीतसर प्रसिद्ध झाली की ती लागू झाली. आपल्याला माहिती नव्हती ही सबब चालणार नाही, असे ठरले. शिक्षा मात्र त्याने तोवर भोगली होती तेवढीच ठेवण्यात आली.

हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिला सरकारला बजावतो की, छापून कळविल्याशिवाय तुमचा कायदा लोकांना बांधणार नाही. दुसरा लोकांना बजावतो की, एकदा छापून कळविले की तुम्ही वाचा अगर वाचू नका, तो तुम्हाला बांधणारच. म्हणजे राजपत्र हे आपले संरक्षणही आहे आणि आपल्यावरची जबाबदारीही आहे. संरक्षण आपल्याला फुकट मिळाले आहे. जबाबदारी मात्र वाचनाशिवाय पार पडत नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

आता आपण म्हणाल, मास्तर, आम्ही काही जाकिटात सोने नेत नाही. खरे आहे. पण आपल्या घरच्या चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट नावाची. उर्दूत जे नाव एकाच तऱ्हेने लिहिले जाते ते मराठीत मोहम्मद, महम्मद, मुहम्मद असे तीन तऱ्हांनी येते आणि इंग्रजी स्पेलिंगचा तर हिशेबच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात एक, आधार कार्डावर दुसरे, रेशन कार्डावर तिसरे. मुलगा पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या दारात उभा राहतो तेव्हा हे उघडकीस येते. शाळेतील नोंद चुकलेली असल्यास मूल शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करून ती दुरुस्त करून घ्यावी. दाखला निघाल्यावर ते काम फार अवघड होते. मोठेपणी नाव बदलावयाचे झाल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात देण्याची सोय आहे व त्याचा अर्ज आता घरबसल्या संगणकावरून करता येतो. परंतु एक ध्यानात ठेवा. राजपत्र ही जाहिरात अर्जदाराच्या सांगण्यावरून छापते. मजकुराच्या खरेपणाची हमी शासन घेत नाही, असे तेथेच छापलेले असते. म्हणून केवळ राजपत्रात आले म्हणजे शाळेच्या किंवा जन्माच्या नोंदवहीतील तारीख आपोआप बदलली, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका आणि त्यापायी एजंटाला पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट जमिनीची. सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यावयाची झाल्यास १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागे आणि हरकत घेण्यास तीस दिवस मिळत. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यातही राजपत्रातील अधिसूचना आहेच, हरकतीची मुदत साठ दिवस आहे. मुदत मोजली जाते ती प्रसिद्धीच्या तारखेपासून. गावातला माणूस कामधंद्यासाठी मुंबईत किंवा आखाती देशात असतो, घरी वृद्ध आईवडील असतात, आणि हे दिवस केव्हा निघून गेले ते कळतही नाही. हरकत घेतल्याने जमीन वाचेलच असे नाही. पण आपले म्हणणे कागदावर तरी राहते.

तिसरी गोष्ट वक्फ मिळकतीची. १९५४ च्या वक्फ कायद्यापासून, पाहणी झालेल्या वक्फ मिळकतींची यादी राजपत्रात प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. १९९५ च्या कायद्यातही ती राहिली. यादी प्रसिद्ध झाल्यावर तिच्यासंबंधी वाद काढण्यास ठरावीक मुदत असते. २०२५ साली या कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्याही राजपत्रातच छापल्या गेल्या. येथे अनेक मशिदींचे, कबरस्तानांचे व मदरशांचे विश्वस्त बसले आहेत. माझी त्यांना अदबीने विनंती आहे की, आपल्या मिळकतीची नोंद राजपत्राच्या कोणत्या तारखेच्या अंकात, कोणत्या पानावर, कोणत्या सर्व्हे नंबराने आली आहे, हे एकदा शोधून त्याची नक्कल दप्तरी ठेवावी. तोंडी इतिहास कितीही खरा असला तरी कचेरीत पान आणि तारीख विचारतात.

चौथी गोष्ट शिष्यवृत्तीची. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून मिळत असे. केंद्र सरकारने २०२२-२३ या वर्षापासून ती नववी व दहावीपुरती ठेवली. हा निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर मत देण्याचा आपणा सर्वांना हक्क आहे. पण त्यानंतरही बरेच दिवस खालच्या वर्गातील मुलांचे पालक अर्जासाठी दाखले गोळा करीत हिंडत होते, कारण त्यांना कोणीतरी सांगितले होते. योजना बदलतात, अटी बदलतात, तारखा बदलतात. 'कोणीतरी सांगितले' हा आपल्या समाजाचा फार जुना आणि फार महाग पडलेला गुरू आहे.

सरकारचे छापील काम राजपत्रापुरतेच नाही. दिल्लीच्या प्रकाशन विभागाने महात्मा गांधींचे समग्र वाङ्मय शंभर खंडांत काढले. ते काम १९५६ साली हाती घेतले गेले आणि १९९४ साली पुरे झाले. याच विभागाचे 'आजकल' हे उर्दू मासिक. जोश मलिहाबादी यांच्यासारखा शायर त्याचा संपादक होता. १९५७ साली सुरू झालेले 'योजना' मासिक मराठीत व उर्दूतही निघू लागले. १९७६ साली 'एम्प्लॉयमेंट न्यूज' सुरू झाले. त्याची हिंदी व उर्दू आवृत्तीही निघाली. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणे व लेखन यांचा पहिला खंड १९७९ साली, वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. आणि आपल्या मुलांच्या दप्तरातील पुस्तक काढणारी बालभारती, तीही १९६७ साली शासनानेच स्थापन केली. तिची पुस्तके मराठीबरोबर उर्दूतही निघतात. हे काम खासगी प्रकाशकाने नफा पाहून केले असते, असे मला वाटत नाही.

या खात्यांची बाजू घेऊन मी बोलतो आहे असे कोणी समजू नये. सरकारी छापखान्याचा कारभार संथ असतो. मागणी असलेले पुस्तक 'शिल्लक नाही' हे उत्तर अनेकांनी ऐकले असेल. आंबेडकरांच्या खंडांची छपाई रखडल्याची बातमी आली तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. शिवाय सरकारने छापले म्हणजे सारे सारख्याच वजनाचे असे नव्हे. राजपत्रातील कायदा व अधिसूचना बंधनकारक असते. शासन निर्णय, ज्याला आपण जी. आर. म्हणतो, तो प्रशासनाचा आदेश असतो. समितीचा अहवाल ही केवळ शिफारस असते. आणि योजनेची रंगीत पुस्तिका ही प्रसिद्धी असते, तीत सरकार आपली चांगली बाजू दाखविणारच. कोणता कागद कोणत्या जातीचा, हे ओळखता येणे हाच वाचनाचा पहिला धडा आहे.

अहवालावरून आठवले. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातील मुसलमानांच्या सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थितीवरचा हा अहवाल सरकारनेच छापला आणि संसदेपुढे ठेवला. आपल्या प्रत्येक सभेत त्याचे नाव निघते. मी विचारतो, त्यातील शिक्षणाचे प्रकरण आपल्यापैकी किती जणांनी उघडून वाचले? ज्यात आपल्याविषयी लिहिले आहे तेही आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे, हे सुशिक्षित समाजाचे लक्षण नव्हे.

'भाषा कळत नाही' ही अडचण काही प्रमाणात खरी आहे. पण महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि राज्याचे राजपत्र मराठीत निघते. केंद्राच्या कायद्यांची प्रादेशिक भाषांतील भाषांतरे राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झाल्यास ती अधिकृत मानावीत, असा कायदा १९७३ साली झाला. शिवाय पूर्वी राजपत्राचा अंक मिळविण्यासाठी शहर गाठावे लागे. १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्राने कागदी राजपत्र थांबवून ते इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. राज्याचे राजपत्र व शासन निर्णयही तेथे पाहता येतात, आणि त्यास दाम पडत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही सांगतो की, सरकारी कचेरीने आपली माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावी. दार उघडे आहे. आत जाण्याची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागेल.

म्हणून शेवटी संस्थेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. तिला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. आपल्या वाचनालयात एक टेबल, एक संगणक आणि एक जाड वही ठेवावी. वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी, त्यात एक मुलगी असावी, दर आठवड्यास राजपत्र व शासन निर्णय चाळावेत. शिक्षण, शिष्यवृत्ती, नोकरी, जमीन, वक्फ, नगरपालिका यांसंबंधी जे असेल त्याची वहीत मराठीत व उर्दूत दोन ओळींची नोंद करावी. नोंदीत चार गोष्टी असाव्यात : कोणत्या खात्याने काढले, क्रमांक काय, तारीख काय, शेवटची मुदत काय. शिक्षकाने ती तपासावी आणि फळ्यावर लावावी. मोबाईलवर फिरत आलेल्या कागदावर क्रमांक व तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नये. शासन निर्णयाला सांकेतांक असतो. तो टाकून मूळ कागद पाहावा आणि मगच दुसऱ्यास सांगावे.

विद्यार्थ्यांना यातून काय मिळेल? अर्जाची भाषा कळेल, मुदतीचे महत्त्व कळेल. सरकार म्हणजे दूर बसलेला कोणी साहेब नसून लिहिलेल्या नियमाने बांधलेली व्यवस्था आहे, हेही कळेल. त्या नियमाने आपण बांधलेले आहोत तसे सरकारही बांधलेले आहे. ज्याला नियमाचे पान दाखविता येते त्याला विनवण्या कराव्या लागत नाहीत. तो ताठ मानेने, पण अदबीने, आपले काम सांगू शकतो.

आपल्या वाडवडिलांना वाचता येत नव्हते, म्हणून ते दवंडीवर आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहिले. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांनीच पोटाला चिमटा घेऊन या शाळा उभ्या केल्या, त्या आपल्याला वाचता यावे म्हणून. ते वाचन परीक्षेच्या पुस्तकापाशी थांबू नये, एवढीच माझी विनंती आहे.